शनिवार-रविवारचा वेगचोर

“या जगात माणसं दोनच प्रकारची,” दाजी म्हणाले. “मी पकडलेली आणि मला अजून न भेटलेली.”

समोरच्या स्टुलावर बसलेल्या सिस्टरांनी आपण यांतल्या कुठल्या, याचा विचार केलेला दिसला नाही. त्यांनी मांडीवरची पर्स सरळ केली आणि दाजींच्या खांद्यावरून पलीकडे, दुकानाच्या मागच्या भागात पंख्यांच्या मोटारींत तार भरत बसलेल्या वायंडरकडे पाहिलं.

“अठ्ठावीस वर्षं बसवर तिकीट तपासनीस होतो,” दाजी पुढे म्हणाले. “चालत्या बसमध्ये, गर्दीत, एका पायावर उभं राहून, माणसाचा नुसता कान बघून सांगायचो, याच्या खिशात तिकीट नाही. चेहरा खोटं बोलतो, बाई. कानाला खोटं बोलता येत नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, ‘हे जातायत म्हणून आम्हा सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतंय.’ टाळ्या थांबता थांबेनात. तेव्हा तुमची जी काही केस असेल ती सुटली असं समजा. आता ती केस काय आहे, तेवढं सांगा.”

वायंडरने हातातली पंख्याची कॉइल खाली ठेवली. हे भाषण त्याने एवढ्या वेळा ऐकलं होतं की टाळ्यांच्या जागी त्याचे हात आपोआप जवळ यायचे. भाषणात एक गोष्ट मात्र कधीच यायची नाही: कर्तव्याच्या भरात दाजींनी एकदा बस चालवणाऱ्या ड्रायव्हरकडेच तिकीट मागितलं होतं आणि नाही म्हटल्यावर त्याला पुढच्या थांब्यावर उतरवलं होतं. पन्नास प्रवासी अर्धा तास तिथेच बसून होते.

दाजी म्हणजे वायंडरच्या थोरल्या बहिणीचा नवरा. निवृत्तीनंतर महिनाभराने बहीण दुकानात आली होती. “हे दिवसभर घरात माझे डबे तपासतात,” ती म्हणाली. “साखर कुणी खाल्ली म्हणून माझा जबाब घेतात. तुझ्याकडे एक टेबल टाकून दे बाबा यांना.” बहिणीला नाही म्हणायची सोय नव्हती आणि दुकानात जागाही होती. पूर्वी लोक जळलेला पंखा घेऊन यायचे आणि वायंडर त्यात नवी तार भरून द्यायचा. आता लोक पंखा फेकतात आणि नवा घेतात. अर्धं दुकान रिकामं होतं, तिथे दाजींचं टेबल लागलं. बाहेरच्या पाटीवर ‘पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी भरून मिळतील’ असं होतं. त्याखाली दाजींनी रंगवून घेतलं: ‘व गुन्हे उकलून मिळतील.’

“दादा,” सिस्टर दाजींना वळसा घालून थेट वायंडरला म्हणाल्या, “गाडी पुन्हा हळू झालीय.”

वायंडर उठून टेबलापाशी आला.

सिस्टर मुलांच्या वॉर्डच्या मुख्य परिचारिका. त्यांच्या वॉर्डाला कुणीतरी दोन खेळण्यातल्या मोटारगाड्या भेट दिल्या होत्या: मूल आत बसतं, पेडल दाबतं, बॅटरीवर गाडी चालते. कल्पना चांगली होती. ऑपरेशनला नेताना पोरं ट्रॉलीवर हंबरडा फोडतात; त्याऐवजी त्यांनी स्वतःच गाडी चालवत जावं. पहिलाच मुलगा बसला, त्याने पेडलला पाय लावला आणि गाडी दचकून भिंतीवर आदळली. तो ट्रॉलीपेक्षा जास्त रडला. गाड्यांना अडगळीच्या खोलीत कुलूप लागलं.

तशीच एक गाडी सिस्टरांच्या घरी लेकीकडे होती आणि तिचाही तोच आजार होता. पेडलखाली साधं बटण. लागलं की अख्खी बॅटरी एका दमात मोटारींवर. एक तर बंद, नाहीतर सुसाट, मधलं काही नाही. सिस्टरांनी वायंडरला विचारलं होतं, “हिला हळूहळू वेग घ्यायला शिकवता येईल का?”

दोन वर्षांत ‘करता येईल का’ असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचे ते ‘त्यापेक्षा नवीनच घेतलेलं बरं ना’ एवढंच. त्याने होकार दिला. साबणाच्या वडीएवढा एक कंट्रोलर बसवला. तो वीज एकदम न सोडता तुकड्यातुकड्यांनी सोडतो. तुकडे मोठे केले की वेग वाढतो, लहान केले की कमी होतो. बटण काढून त्या जागी बॅटरीवर चालणाऱ्या मोठ्या गाडीचं पेडल आणलं, म्हणजे पाय जेवढा खोल जाईल तेवढी गाडी पळेल. मागची चाकं दोन विटांवर उचलून, पेडल अंगठ्याने दाबून त्याने चाळीस वेळा पाहिलं. चाकं झोपेतून जागी व्हावीत तशी हळूच फिरायला लागायची आणि मग वारा घ्यायची. त्याला आपल्याच कामाचं कौतुक वाटलं होतं.

“कधीपासून हळू झालीय?” त्याने विचारलं.

“आज सकाळपासून, घरून फोन आला. गेल्या शनिवारी आणि रविवारी अशीच रांगत होती. सोमवारी संध्याकाळी तुम्ही येऊन बघितलीत तेव्हा कशी छान पळाली. मंगळवार ते शुक्रवार, रोज छान. आज शनिवार, पुन्हा गोगलगाय.” सिस्टरांनी आवाज खाली आणला. “परवा अकराला मीटिंग आहे दादा. त्या दोन गाड्या ठेवायच्या की भंगारात द्यायच्या, ते ठरणार. मी सांगून बसलेय की माझ्या घरच्या गाडीवर प्रयोग चाललाय. कधी चालते, कधी नाही, असं मी डॉक्टरांना कसं सांगू?”

वायंडर दाराबाहेरच्या पाटीकडे बघायला लागला. एका शीतगृहात बल्ब बदलायची नोकरी त्याला सांगून आली होती आणि पहिल्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हे काम जमलं तर पाटी राहील, नाहीतर शटर खाली, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

दाजी खुर्चीतून उठले. “फक्त शनिवार-रविवार?”

“हो.”

“यंत्र बिघडलं तर रोज बिघडतं. सुट्टी बघून बिघडतो तो माणूस.” त्यांनी टेबलावरची छत्री उचलली. “बाई, तुमच्या घरी कुणीतरी वेग चोरतंय.”

वायंडरला दाजींच्या बोलण्यात पहिल्यांदाच काहीतरी तथ्य वाटलं, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला.

*

रविवारी सकाळी नऊला दाजी सिस्टरांच्या अंगणात हजर झाले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जाड वही, आणि खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. निवृत्तीच्या वेळी तो परत करायचा राहून गेला होता. जबाब घेतला की ते कागदाच्या कोपऱ्याला चिमट्याने भोक पाडत. एक भोक म्हणजे माणूस खोटं बोलतोय. दोन भोकं म्हणजे फारच खोटं बोलतोय. भोक नसलेला कागद आजवर वायंडरने पाहिला नव्हता.

अंगण म्हणजे फाटक आणि पायऱ्या यांच्यामधली फरशीची मोकळी जागा. मधोमध लाल गाडी उभी होती. दाजींनी आल्या आल्या तिच्याभोवती खडूने गोल काढला.

“हे कशाला?” वायंडरने विचारलं.

“घटनास्थळ.”

“अहो दाजी, गाडी चालते. घटनास्थळ रेषेबाहेर जाणार नाही का?”

“साहाय्यक,” दाजी म्हणाले. कामावर असताना ते मेहुण्याला याच नावाने हाक मारत. “तू तारा बघ. माणसं मी बघतो.”

वायंडरने तारा बघितल्या. बॅटरी पूर्ण भरलेली. जोडण्या घट्ट. कंट्रोलर थंड. कुठेच काही नव्हतं. तेवढ्यात घरातून एक साडेचार वर्षांची मुलगी अनवाणी धावत आली आणि खडूची रेषा पुसत गाडीत जाऊन बसली. जिथे उभी करावी तिथे सापडायची नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. तिने पेडल दाबलं. गाडी निघाली, पण कशी? सासरी निघाल्यासारखी. मुंगी शेजारून पुढे गेली असती आणि तिला मागे वळून बघायलाही वेळ मिळाला असता.

“बघा,” सिस्टर दारातून म्हणाल्या.

वायंडरने भिंगरीला उतरवलं, खाली वाकून पेडल हाताने दाबलं. गाडी सुसाट सुटली आणि त्याला तसंच वाकून फाटकापर्यंत तिच्याबरोबर धावावं लागलं.

“वजन!” दाजी ओरडले. “मूल बसलं की वजनाने मंद होते. केस खलास!”

“आठवडाभर ती बसूनच पळवत होती, दाजी.”

“मग प्रयोग करू. मी गृहीत काही धरत नाही.”

भिंगरीचा बाबा पुस्तकबांधणीचं काम करायचा. त्याने न छापलेल्या कागदांचे गठ्ठे आणून दिले, आणि मुलीच्या वजनाइतके मोजून सीटवर रचले. पेडल दाबायला कोण? दाजींनी छत्रीचं टोक पुढे केलं. कागद बसले, छत्री दाबली गेली आणि गाडी अशी उडाली की छत्री पेडलमध्ये अडकून दाजी तिच्याबरोबर निघाले. एका बाजूला वाकून, धोतराचा सोगा सांभाळावा तशी पँट एका हाताने वर धरून, त्यांनी अंगणाला अडीच फेऱ्या मारल्या. तिसरी अर्धी राहिली, कारण छत्री उघडली.

“म्हणजे वजन नाही,” वायंडर म्हणाला.

“मी कुठे म्हटलं वजन आहे?” दाजी धापा टाकत म्हणाले. “वजन नाही हे सिद्ध करायलाच तर धावलो. गाडी मला घाबरते आणि मुलीला जुमानत नाही. याचा अर्थ गाडीला कुणीतरी फितवलंय. बांधणीवाले, पुढे या.”

बाबा पुढे आला.

“सुट्टीच्या दिवशी घरी असता?”

“सुट्टीच्या दिवशी सगळेच घरी असतात.”

“सगळ्यांचं मी बघेन. तुम्ही तुमचं बोला. दुपारी झोपता?”

“मिळाली तर.”

“गाडीच्या आवाजाने झोप मोडते?”

“गाडीला कुठे आवाज आहे? भिंगरीला आहे.”

दाजींनी त्याच्या कानाकडे बराच वेळ पाहिलं आणि कागदाला भोक पाडलं.

वरच्या मजल्यावर ट्रम्पेट शिकवणारे मास्तर राहायचे. त्यांचे वर्ग नेमके शनिवार-रविवारी असत. हे कळताच दाजींच्या डोळ्यांत चमक आली. मास्तरांना खाली बोलावलं गेलं.

“खालच्या गाडीचा तुम्हाला त्रास होत असेल.”

“मला?” मास्तर म्हणाले. “अहो, माझे विद्यार्थी ऐकलेत का तुम्ही?” त्याच क्षणी वरून एका विद्यार्थ्याने असा सूर लावला की फाटकावरचा कावळा आपलं कुणीतरी गेलं असं समजून ओरडत उडाला. “या घरात त्रास कुणाला कुणाचा होतो, ते खालच्यांना विचारा. चार वर्षांत यांनी एकदा तक्रार केली नाही. मी देवमाणसं म्हणतो यांना.”

“गोड बोलताय. अशा गाडीला रिमोट असतो ना? आईबापांनी लांबून थांबवायला? तो तुमच्याकडे आहे.”

“रिमोट मी काढून टाकलाय, दाजी,” वायंडर म्हणाला. “नवीन कंट्रोलर बसवताना. त्याचं काम नव्हतं.”

दाजी सावकाश वळले. “पुरावा काढून टाकलास?”

“पुरावा कसला? दोन तारा होत्या.”

“किती दिवसांपूर्वी?”

“अहो, तुमच्यासमोर काढला. तुम्ही चहा पीत होतात.”

दाजींनी एका नव्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याला दोन भोकं पाडली.

“आजोबा,” खालून आवाज आला. भिंगरी त्यांची पँट ओढत होती. “मी सांगू?”

“काका म्हण. आणि तपास चालू असताना मधे बोलायचं नाही. साक्षीदार अठरा वर्षांचा लागतो.”

“अठरा म्हणजे किती?”

“तू अजून तेरा-चौदा वर्षांनी ये.”

भिंगरीने दाजींकडे, मग गाडीकडे पाहिलं आणि ती पाय आपटत घरात निघून गेली.

*

अकरा वाजता दाजींनी सगळ्यांना पायऱ्यांवर ओळीने बसवलं. स्वतः छत्रीवर रेलून उभे राहिले. छत्रीच्या दोन काड्या मोडल्यामुळे ते जरा डावीकडे झुकले होते.

“गुन्हा फक्त सुट्टीला होतो,” त्यांनी सुरुवात केली. “म्हणजे गुन्हेगार तो, जो सुट्टीला इथे असतो. बांधणीवाल्यांना झोप हवी आहे. गाडी रांगली की लेक कंटाळते, कंटाळली की गप्प बसते.”

“तुम्ही तिला कधी गप्प बघितलंय का?” बाबाने विचारलं.

“मास्तरांना शांतता हवी आहे.”

वरून पुन्हा तो सूर आला. मास्तर नुसते हसले.

“सिस्टर आई आहेत. आईचं काळीज! वेगाला भिणार. रोज चार वाजता भिंगरी शाळेतून येते, दप्तर पायरीवर टाकून थेट गाडीत बसते, तेव्हा त्या कामावर असतात. सुट्टीला त्या घरी असतात आणि गाडी मंदावते. ही काय साधी गोष्ट आहे?”

“माझी काल ड्यूटी होती,” सिस्टर म्हणाल्या. “मी संध्याकाळी दुकानात आले ती वॉर्डातून थेट आले.”

“अस्सं.” दाजींनी वही मिटली. “मग एकच उरतो. रिमोट कुणी काढला? कंट्रोलर कुणी बसवला? गाडी रांगली की कुणाला बोलवावं लागतं? एकदा दुरुस्त केली की गिऱ्हाईक संपलं, पण दर शनिवारी बिघडली तर गिऱ्हाईक जन्माचं!” छत्री हवेत उठली आणि वायंडरवर येऊन थांबली. “मला बोलताना दुःख होतंय. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे.”

कुणी हसलं नाही. वायंडरला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण सिस्टर त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत संशय नव्हता. हिशेब होता: उद्या अकराला काय बोलायचं याचा.

“दादा,” त्या म्हणाल्या, “यांचं राहू द्या. तुम्हीच सांगा. मला उद्या हो किंवा नाही एवढंच म्हणायचंय. काय म्हणू?”

वायंडरने गाडीकडे पाहिलं. दोन आठवडे त्याने जे जे बघायचं ते बघितलं होतं. प्रत्येक तार जागच्या जागी होती, आणि तरीही गाडी तिच्या मनाला येईल तेव्हा चालत होती. शीतगृहातले बल्ब तरी असं करत नसतील.

“नाही म्हणा,” तो म्हणाला. “बिघाड का होतो हे मला कळलेलं नाही. जे मला कळत नाही, ते मी लेकरांच्या बुडाखाली देणार नाही.”

“कबुलीजवाब!” दाजी म्हणाले आणि चिमटा काढायला त्यांनी वही फरशीवर ठेवून खिशात हात घातला.

त्यांचा हात खिशातच राहिला. घरातून भिंगरी आली होती. तिने शाळेचे बूट घातले होते. आपले आपण घातल्यामुळे डावा उजव्यात आणि उजवा डाव्यात होता आणि नाड्या फरशीवर लोळत होत्या. ती कुणाकडे न बघता गाडीत बसली. पुढच्या क्षणाला गाडी खडूचा गोल तोडून, वहीवरून चाक नेऊन, सरळ दाजींच्या नडगीकडे निघाली. दाजी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाने पायरीवर चढले. गाडीने अंगणाला वळसा घातला, फाटकाला हात लावला आणि परत फिरली.

“थांब!” वायंडर ओरडला. “थांब गं बाळा. उतरू नकोस.”

तो तिच्याजवळ फरशीवर बसला. “आता बूट काढ.”

“का?”

“काढ तर.”

तिने बूट काढले. “दाब आता.”

भिंगरीने पाय लांब केला. टाच सीटच्या कडेवर, पोटरी ताणलेली, अंगठा शेंगेसारखा पुढे. नुसतं अंगठ्याचं टोक पेडलच्या वरच्या कडेला लागलं. पेडल दोन काड्यांच्या जाडीइतकं खाली गेलं. गाडी रांगायला लागली.

वायंडरने डोळे मिटले. पूर्वीच्या बटणाला नुसता स्पर्श पुरायचा. लागलं की सुटलं. त्याचं नवं पेडल मोठ्या माणसाच्या गाडीचं होतं आणि ते शहाण्यासारखं विचारायचं, किती खोल? बुटाच्या जाड तळव्याने भिंगरी सोमवार ते शुक्रवार पुरेसं खोल दाबायची. शनिवार-रविवारी शाळा नसायची, म्हणून बूट नसायचे, आणि पाय बोटभर कमी पडायचा. त्याने स्वतः चाळीस वेळा तपासलं होतं, पण अंगठ्याने. त्याच्या अंगठ्याला कधी पाय कमी पडला नव्हता.

“मोज्यानं पण नाही जात,” भिंगरीने माहिती पुरवली. “बुटानंच जाते.”

“तुला केव्हापासून माहीत होतं?” आईने विचारलं.

“पहिल्यापासून.”

“मग सांगायचं नाही का कुणाला?”

“सांगत होते. हे आजोबा म्हणाले, चौदा वर्षांनी ये.”

“काका,” दाजी पायरीवरून म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी खाली येऊन फरशीवरून वही उचलली, झटकली आणि लिहायला घेतलं: ‘गुन्ह्याचं कारण: बुटांची सुट्टीच्या दिवशीची गैरहजेरी. तपास अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की यामागे यंत्र नसून माणूस आहे. माणसाची उंची अपेक्षेपेक्षा थोडी कमी निघाली.’

मास्तर वर निघून गेले. बाबा कागदाचे गठ्ठे आत न्यायला लागला. वायंडर फरशीवर तसाच बसून होता.

“चूक माझी आहे, सिस्टर,” तो म्हणाला. “मी यंत्र तपासलं. चालवणारी नाही तपासली. पेडल पुढे आणतो, पाठीमागे उशी देतो. तासाभराचं काम आहे. पण तुम्ही उद्या काय सांगायचं ते सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही.”

सिस्टर लेकीच्या पायाकडे बघत होत्या.

“दादा, आमच्याकडची मुलं ऑपरेशनला जाताना काय घालून जातात, माहीत आहे?”

“काय?”

“अंगात गाऊन. डोक्याला टोपी. पायात काही नाही. कधीच नाही.” त्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. “हिच्या शाळेला सुट्टीच नसती, तर मी उद्या छाती काढून हो म्हटलं असतं. आणि मग पहिल्याच दिवशी, सगळ्या डॉक्टरांसमोर, पोरगं जागच्या जागी पाय ताणत बसलं असतं. सगळ्यांचे पाय सारखे नसतात हो. कुणाचा प्लास्टरमध्ये असतो. कुणाच्या पायाला सलाइन असतं. कुणी अडीच वर्षांचं असतं.”

वायंडरने हनुवटी खाजवली. मान हळूहळू वर आली.

“मग पाय कशाला हवा?” तो म्हणाला. “स्टिअरिंगवर पट्टी देतो. अंगठ्याने दाबायची. जेवढी दाबली तेवढी चालणार, सोडली की आपोआप थांबणार. अडीच वर्षांच्या बोटालाही झेपेल अशी हलकी देतो.”

“आणि तपासणार कशानं?”

“लेकरानं,” वायंडर म्हणाला. “भिंगरीला दुकानात पाठवा. तिचा जबाब आधी घेऊ.”

“अनवाणी पाठवते,” सिस्टर म्हणाल्या. “आणि उद्या हो म्हणते.”

*

मीटिंगनंतर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आठ वाजता वायंडर मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या लांब बोळात भिंतीला टेकून उभा होता. शेजारी दाजी होते; आपल्याशिवाय ही केस न्यायालयात टिकणार नाही, असं सांगून ते आले होते. वॉर्डाच्या दारापासून ऑपरेशनच्या दारापर्यंत बेचाळीस पावलं होती. वायंडरने ती पुन्हा पुन्हा मोजली होती.

दार उघडलं आणि वॉर्डातल्या दोनपैकी एक लाल गाडी बाहेर आली. आत सहा वर्षांची एक मुलगी होती. टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. टोपी कपाळावर उतरलेली, पाय अनवाणी, अंगठा पट्टीवर. सिस्टर शेजारून चालत होत्या. मागे तिचे आईबाप, दोघांचे चेहरे पांढरे. गाडी इतकी अलगद चालत होती की तिचा आवाज बापाच्या चपलेपेक्षा कमी होता.

अर्ध्या बोळात मुलीने अंगठा उचलला. गाडी थांबली. ती समोरच्या दाराकडे बघत राहिली.

दाजींनी तोंड उघडलं, तसा वायंडरने त्यांच्या दंडावर हात ठेवला. सिस्टर नुसत्या उभ्या राहिल्या, मुलीइतक्याच थांबून. कंट्रोलरचा हिरवा दिवा मिणमिणत होता. वायंडरला वाटलं, तिला मागे जायचं असेल तर? मागे जायचीही सोय होती. ती त्यानेच करून दिली होती.

तेवढ्यात समोरचं दार ढकलून डॉक्टर बाहेर आले. हिरवा झगा, तोंडाला पट्टी, नुकतेच धुतलेले दोन्ही हात कोपरापासून वर धरलेले.

“आयुष्यात पहिल्यांदा,” दाजी हलकेच म्हणाले, “कुणीतरी न सांगता हात वर केले.”

“सिस्टर, किती उशीर?” डॉक्टर म्हणाले. “आत सगळे तयार आहेत. पेशंट कुठाय?”

“येतेय, डॉक्टर. गाडी तीच चालवतेय.”

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं. गाडीतल्या मुलीने डॉक्टरांकडे पाहिलं, वर धरलेल्या हातांकडे पाहिलं, आणि थोडा विचार केला. मग तिने हॉर्न वाजवला. लांब, ठणठणीत, दोनदा.

डॉक्टर हात तसेच वर धरून बाजूला झाले आणि त्यांनी पाठीने दार उघडून धरलं. तिने अंगठा ठेवला. गाडी निघाली आणि तिला हव्या तेवढ्याच वेगाने आत गेली.